बिनपगारी रात्रपाळी

सीताबर्डीच्या दुकानदारानं विचारलं, किती जणांचा तंबू?
एकाचा, म्हटलं.
एकाचा येतच नाही मॅडम, कमीत कमी दोघांचा.
म्हणून खाप्याच्या पुढं, कन्हानच्या पात्रात
माझ्या शेजारी एक जागा रिकामी आहे,
तिथं ठेवलाय थर्मास, जादा स्वेटर
आणि बत्तीस वर्षांची खोड:
निळ्या पुठ्ठ्याची लॉगबुक.

वाळवंट पाहायला लोक पार जैसलमेर गाठतात.
आपल्या भाषेत मात्र नदी आटली
की तिच्याच अंथरुणाला वाळवंट म्हणतात.
डिसेंबर सरताना कन्हान उरते बोटभर,
बाकी नुसती वाळू.
दिवसा ट्रॅक्टरांची,
रात्री कुणाचीच नाही.

कुणाचीच नाही असं मला वाटलं होतं.
डांगरवाडीचा झिबल दिघोरे कंदील घेऊन आला.
"काहून मॅडम, घरी भांडन झालं का?"
"नाही बा. तारे पाहाले आली."
"मंग पाहा. आमी त रोजच पाहून रायलो,
आमाले कोनी पगार नाई देत."
ओंजळभर उकडलेले शिंगाडे टॉवेलावर ओतून
तो आपल्या कुडाच्या खोपटाकडं गेला.
अर्ध्या वाटेत त्यानं कंदील विझवला.
मी सांगितलं नव्हतं.

२२:०० तापमान नऊ. वारा उत्तरेकडून.
कृत्तिका कलायला लागल्या. सात म्हणतात,
मला सहाच. चष्मा पुसला, तरी सहाच.
२३:०० मृग मध्यावर, पोटात बाण, तरी धावतोच आहे.
त्याच्या मागं व्याध इतका झगझगीत
की वाटलं, काठावरून कुणाची मोटारसायकल येतेय.

मग पुढचे रकाने कोरे.

त्याचा उजेड इथवर यायला साडेआठ वर्षं लागतात म्हणे.
म्हणजे आत्ता माझ्या डोळ्यात पडला तो निघाला तेव्हा
मी कोराडीला ड्यूटीवर होते,
खिडकी नसलेल्या खोलीत, काट्यांकडं बघत,
बहुधा डबा उघडत.
जन्मभर उजेड तयार केला मी.
दुसऱ्यांच्या ट्यूबलाइटी, पंप, लग्नांचे मांडव.
आकाश घालवणाऱ्यांत मीही होते, महिन्याच्या महिन्याला पगार घेऊन.

एकदा पौषात युनिट बसलं.
टॉर्च घेऊन मी कोळशाच्या यार्डात आले.
कॉलनी काळी, रस्ता काळा, ढिगारे काळे,
आणि वर
कुणीतरी पोतंच्या पोतं फोडलं होतं.
मागून ओरडत होते, बोरकुटे मॅडम, बोरकुटे मॅडम.
मी मिनिटभर उभी राहिले. मिनिटाहून जास्तच.
चौकशीच्या अहवालात ते मिनिट
मी कुठंच लिहिलं नाही.

मध्यरात्री दक्षिणेकडं तोंड केलं.
तिकडं नागपूर, शिळ्या वरणासारखं पिवळट.
त्याच्या अलीकडं चिमण्यांचे लाल दिवे.
अंधारासाठी एवढ्या लांब आले
आणि पहिल्यांदा तेच शोधले,
जळताहेत का सगळे, मोजून घेतले.
त्यांच्या वर दीड मूठ अगस्ती.
समुद्र पिऊन बसलेला म्हातारा,
आता आमच्या या बोटभर धारेकडं
बघतोय की काय.
मी पाण्याच्या आणि त्याच्या मध्ये
शिंगाड्याची सालं टाकत बसले.

चारला जाग आली. तंबूवर दहिवर,
आतून माझ्याच श्वासाचं पाणी.
सप्तर्षींची बाज पार वर चढलेली,
तीन चोर अजून तिला धरून.
डांगरवाडीत झिबल खोकला.
मीही खोकले.
वाळूत तेवढंच बोलणं झालं.

लॉगबुकात शेवटी एक रकाना असतो:
पाळी कुणाकडं सोपवली.
तो सोडून वरच्या कोऱ्या ओळीत लिहायला घेतलं,
जुनी तारीख, जुनी वेळ,
ऑपरेटर जागेवर नव्हती, यार्डात होती,
वर बघत.
थंडीनं पेनाची शाई गोठलेली.
काखेत धरून पेन ऊबवत बसले
तोवर पूर्वेकडं
मोठं युनिट सुरू व्हायला लागलं.